काम चालू, हक्क बंद

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेली चार वर्षं एक पाटी उभी आहे : ‘काम चालू, रस्ता बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ काम केव्हाच संपलं. खड्डा बुजला, त्यावर डांबर पडलं, डांबराला नवा खड्डाही पडला. पाटी मात्र जागची हलली नाही. आता तर पत्ता सांगताना लोक ‘त्या पाटीपासून डावीकडे’ असंच सांगतात. उद्या कुणी ती उचलली, तर निम्मी गल्ली घर चुकेल.

एल साल्वादोर या देशात अशीच एक पाटी २७ मार्च २०२२ ला लागली. मुदत तीस दिवस. अटक का केली हे सांगण्याचं बंधन तात्पुरतं बंद. वकील तात्पुरता बंद. बहात्तर तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचा नियम तात्पुरता बंद, आता पंधरा दिवस. फोन चोरून ऐकायचा तर आधी परवानगी घ्या, ही कटकटही तात्पुरती बंद. तीस दिवस संपले, संसदेनं हात वर केले, आणखी तीस दिवस. मग आणखी तीस. तिथली मुदतवाढ आता अमावास्येसारखी येते. फरक इतकाच, की अमावास्येसाठी पंचांग तरी उघडावं लागतं.

या देशाची मला आठवण येण्याचं काही कारण नव्हतं. पण आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सुप्रभातचं गुलाबाचं फूल आणि पाण्याच्या टँकरची सूचना यांच्या मधोमध, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक व्हिडिओ टाकला. शेकडो माणसं. मुंडण केलेली, अंगात फक्त पांढरी चड्डी, हात मागे, मान खाली, एकाच्या पाठीला दुसरा चिकटून बसलेला. वर ड्रोन फिरतंय, मागे सिनेमाला शोभेल असं संगीत. खाली काकांची ओळ : ‘आपल्याकडे असा एकच माणूस पाहिजे. एकच!!’ चौदा अंगठे.

पंधरावा अंगठा माझा पडणारच होता, खोटं कशाला सांगू? गेल्या वर्षी लोकलमध्ये माझा फोन गेला. पोलिसांत गेलो तर त्यांनी ‘हरवला’ असं लिहून घेतलं. ‘चोरी’ लिहिलं की म्हणे आकडा वाढतो. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, की चोराला पांढऱ्या चड्डीत बसवू का, तर चड्डी तरी कशाला, असं मी म्हणालो असतो.

तर हा ‘एकच माणूस’ म्हणजे नायिब बुकेले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. त्याआधी राजधानी सान साल्वादोरचा महापौर, आणि त्याच्याही आधी घरच्या जाहिरातीच्या धंद्यात. हे शेवटचं लक्षात ठेवा, म्हणजे ड्रोन कुठून आलं ते कळेल. उलटी टोपी घालायची, सेल्फी काढायची, मंत्र्यांना ट्विटरवरून हुकूम सोडायचे. टीकाकार हुकूमशहा म्हणू लागले तेव्हा यानं आपल्या खात्याच्या परिचयातच लिहून टाकलं : ‘जगातला सर्वांत कूल हुकूमशहा’. शिवी देणाऱ्याच्या हातातली शिवी काढून घेऊन तीच आपल्या शर्टावर बिल्ल्यासारखी लावायची. मानलं पाहिजे.

देश केवढा? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा, सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या साठ लाखांच्या वर. एवढ्याशा जागेत १९८० ते १९९२ असं बारा वर्षांचं यादवी युद्ध झालं, सुमारे ७५ हजार माणसं मेली. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना वेदीपाशी गोळी घातली गेली. जीव वाचवायला लोक अमेरिकेत पळाले. लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांत त्यांच्या पोरांनी टोळ्या केल्या, आधीच्या टोळ्यांत ती शिरली, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेनं ती पोरं विमानात भरून परत पाठवली. एमएस-१३ आणि बारिओ-१८ ही नावं अशी अमेरिकेत घडून, तयार मालासारखी साल्वादोरमध्ये उतरली.

आणि इथं थट्टा जरा बाजूला ठेवतो. त्या टोळ्या म्हणजे फोन मारणारे पोरटे नव्हते. टपरीवाल्यापासून बसवाल्यापर्यंत प्रत्येकाला हप्ता होता. तिकडे त्याला ‘रेंता’ म्हणतात, म्हणजे भाडं. आपल्याच दुकानात बसायचं भाडं, आपल्याच रस्त्यावरून बस न्यायचं भाडं. नाही दिलं तर मढं. तुमच्या ओळखपत्रावरचा पत्ता एका टोळीच्या वस्तीचा असेल, तर दुसरीच्या वस्तीत राहणाऱ्या सख्ख्या बहिणीकडे जायची सोय नव्हती. ‘बघा, ऐका आणि गप्प बसा’ असा टोळ्यांचा लेखी फतवा भिंतीवर असायचा. २०१५ साली त्या देशात साडेसहा हजारांहून जास्त खून झाले, म्हणजे लाखामागे शंभराहून अधिक. जगात तेव्हा युद्ध चालू नसलेल्या देशांत यापेक्षा वाईट जागा शोधावी लागली असती.

सरकारं काही करत नव्हती असंही नाही. २००३ साली एका राष्ट्राध्यक्षानं ‘मानो दुरा’ म्हणजे ‘कठोर हात’ मोहीम काढली. पुढच्यानं ‘सुपर मानो दुरा’ काढली. हात एवढा सुपर होता, की नंतर तो सरकारी तिजोरीत सापडला आणि त्या गृहस्थांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्याच्या राजवटीत टोळ्यांशी गुपचूप तह झाला. तो मोडला, आणि मग आलं ते २०१५.

तेव्हा बुकेलेच्या देशातली एखादी बाई म्हणते, की आता माझा मुलगा रात्री नऊला मैदानावर फुटबॉल खेळतो आणि मी झोपू शकते, तर तिला मानवी हक्कांवर प्रवचन द्यायची माझी हिंमत नाही. जिवंत राहणं हाही हक्कच आहे, आणि तो तिला तीस वर्षं कुणी दिला नव्हता. २०२४ मध्ये सरकारी मोजणीनं वर्षभरात ११४ खून झाले. लाखामागे १.९.

काकांनी हा आकडा ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकला. मी गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आपला आकडा शोधला. भारत : लाखामागे २.१. म्हणजे ज्या शिखरावर पोचायला त्या बिचाऱ्यांना लष्कर, ड्रोन आणि मुंडण लागलं, तिथं आपण तारखांवर तारखा देणाऱ्या कोर्टांसकट, जामिनासकट आणि ‘हरवला’ लिहून घेणाऱ्या हवालदारासकट बसलेलोच होतो. काकांना जे औषध हवंय तो रोगच आपल्याला या मापात नाही. पण औषधाची जाहिरात छान आहे ना!

जाहिरातीत न दिसणारा भाग असा. खुनांचा आकडा २०२२ च्या पाटीच्या आधीच घसरत होता. २०१५ चे साडेसहा हजार २०२१ पर्यंत साडेअकराशेच्या आसपास आले होते. का? ‘एल फारो’ नावाचं एक वृत्तसंकेतस्थळ आहे, शोधपत्रकारितेत लॅटिन अमेरिकेत नावाजलेलं. त्यानं २०२० मध्येच छापलं, की याही सरकारची तुरुंगात टोळ्यांशी बोलणी चालू आहेत. सरकारनं साफ इन्कार केला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं याच कारणावरून बुकेलेच्या दोन अधिकाऱ्यांवर निर्बंध लावले. मग मार्च २०२२ च्या त्या शनिवार-रविवारला लागून ८७ माणसं मारली गेली. एकट्या शनिवारी ६२. ‘एल फारो’नं पुढे ध्वनिफिती प्रसिद्ध केल्या. त्यांतला सरकारी माणसाचा आवाज सांगतो, की तह फिसकटला म्हणून हे झालं. शिवाय एमएस-१३ च्या एका बड्या म्होरक्याला मी स्वतः देशाबाहेर सुखरूप पोचवलं, असंही तो सांगतो. हा म्होरक्या अमेरिकेला हवा होता. त्याचं टोपणनाव ‘क्रूक’. कादंबरीत हे नाव घातलं असतं तर संपादकानं ‘फार उघड आहे’ म्हणून कापलं असतं.

म्हणजे क्रूकसाहेब सीमेपार, आणि काही महिन्यांतच गळ्यावर गोंदलेलं दिसलं म्हणून कुणी गवंडी, पोलिसांना पाहून ‘घाबरल्यासारखा वाटला’ म्हणून कुणी आंबेविक्या, निनावी फोन आला म्हणून कुणाचा भाचा, हे आत. घाबरल्यासारखं वाटणं हा गुन्हा धरला तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतले निम्मे सभासद गजांआड जातील, खजिनदार सर्वांत आधी. दिवसाला किती पकडायचे याचे कोटे वरून ठरून येतात, अशी तक्रार तिथल्या पोलिसांच्याच संघटनेनं केली. कोटा म्हटलं की काय होतं, हे नसबंदीचा १९७६ चा हंगाम पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

अटकेचा आकडा ८५ हजारांच्या पुढे गेला. तुरुंगातली एकूण माणसं लाखावर. लोकसंख्येच्या मानानं कैद्यांत जगात पहिला नंबर, सुमारे पावणेदोन टक्के. टक्के म्हटलं की अंगाला लागत नाही, म्हणून महाराष्ट्राचा हिशेब करतो : इथं तेवढ्याच प्रमाणात पकडायचं झालं तर वीस लाखांहून जास्त माणसं उचलावी लागतील. २०११ च्या जनगणनेतलं नागपूर शहर २४ लाखांचं होतं. म्हणजे सीताबर्डीपासून सुरुवात करायची आणि संत्र्यांसकट शहर रिकामं करत जायचं.

‘गुन्हेगारच असतील ना, त्याशिवाय कोण कशाला पकडेल?’ काका.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बुकेलेनंच सांगितलं, की आठ हजार निरपराधांना आम्ही सोडून दिलं. जगात अचूक पोलीस कुठलेच नसतात, असंही वर. खरं आहे. पण आठ हजार ही संख्या निघाली कुठून? सोडणाऱ्याच्याच वहीतून. पकडणारा तो, तपासणारा तो, चूक शोधणारा तो, आणि मी फक्त एवढ्याच चुका केल्या असं जाहीर करणाराही तोच. आमचा भाजीवालासुद्धा स्वतःच्या काट्यावर इतका विश्वास ठेवायला सांगत नाही. त्याच्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का लागतो.

काकांच्या डोक्यात हक्क म्हणजे गुन्हेगाराला सरकारनं दिलेली मिठाई. ती बंद केली की तो सरळ होईल. पण वकील, न्यायाधीश, बहात्तर तास ही मिठाई नाही, तो काटा आहे. पकडलेला माणूस तोच आहे का, हे तपासायचा. काटा काढून टाकल्यावर पुढची प्रत्येक जुडी पावशेरच भरते.

हा काटा बुकेलेनं पाटीच्या आधीच काढला होता, हेही जाहिरातीत नाही. ९ फेब्रुवारी २०२० ला, सुरक्षेसाठी १० कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज संसद मंजूर करत नाही म्हणून, हा गृहस्थ शस्त्रधारी सैनिक घेऊन सभागृहात शिरला. सभापतीच्या खुर्चीवर बसला, चेहरा हातांत घेऊन प्रार्थना केली आणि बाहेर येऊन जमावाला सांगितलं, की देवानं मला धीर धरायला सांगितलंय. देवाचं त्यानं ऐकलं. वर्षभर धीर धरला. २०२१ च्या निवडणुकीत ८४ पैकी ५६ जागा मिळाल्या, आणि १ मे ला नव्या संसदेनं पहिल्याच दिवशी घटनापीठाचे पाचही न्यायाधीश आणि महाधिवक्ता घरी पाठवले. या वेळी सैनिक लागले नाहीत. नंतर साठीच्या पुढचे किंवा तीस वर्षं सेवा झालेले न्यायाधीश सक्तीनं निवृत्त. नव्या घटनापीठानं लगेच शोध लावला, की लागोपाठ दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होता येतं. घटना नेमकं उलट सांगत होती, एकदा नाही, अनेक कलमांत. पण वाचणारे डोळे बदलले की मजकूर बदलतो. मग साहेब सहा महिन्यांच्या रजेवर गेले, खुर्चीवर स्वतःच्या खासगी सचिवाला बसवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ८५ टक्के मतांनी परत आले. (रजेवरून परत येऊन कुणाला इतक्या उत्साहानं कामावर घेतल्याचं मी सरकारी नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नाही.) जुलै २०२५ मध्ये संसदेनं उरलेलं आवरून टाकलं : कितीही वेळा उभे राहा, मुदत पाचाऐवजी सहा वर्षं.

८५ टक्के! काका म्हणतात, बघा, लोकांना हवंय. हो, हवंय. मतं खरी आहेत, आनंदही खरा आहे. फक्त तिथल्या जेझुइट विद्यापीठाच्या पाहणीत त्याच लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं, की सरकारवर टीका केली तर भोगावं लागू शकतं. ‘बघा, ऐका आणि गप्प बसा’ हा फतवा भिंतीवरून पुसला गेला खरा.

आणि टोळ्या संपल्यावर पाटीचं काय झालं? मे २०२५ मध्ये एका सहकारी संस्थेचे शेतकरी, आम्हाला जमिनीवरून हुसकू नका म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळच्या रस्त्यावर येऊन बसले. लष्करी पोलीस आले, त्यांचा नेता आणि वकील आत गेले. त्याच महिन्यात सरकारी भ्रष्टाचाराचा पाठपुरावा करणाऱ्या रूथ लोपेस या वकीलबाईंना रात्री घरातून नेलं. पुढच्या महिन्यात एक घटनातज्ज्ञ. त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी टीव्हीवर बुकेलेला हुकूमशहा म्हटलं होतं. त्यांच्या ट्विटरच्या परिचयात ते लिहिलेलं नसावं, म्हणून चाललं नाही. यांतल्या कुणाच्या अंगावर गोंदण नव्हतं, कुणी हप्ता मागितला नव्हता. रूथबाई ज्या ‘क्रिस्तोसाल’ संस्थेत काम करायच्या तिनं कोठडीत मेलेल्या चारशेहून जास्त माणसांची नोंद ठेवली होती. जुलैत त्या संस्थेनं देशातून गाशा गुंडाळला. ‘एल फारो’नं आपला कायदेशीर कारभार २०२३ मध्येच कोस्टा रिकाला हलवला होता. तेव्हा आता आकडे सांगायला सरकार आहेच.

काकांच्या व्हिडिओतला तुरुंग म्हणजे ‘सेकोट’, चाळीस हजार कैद्यांच्या सोयीचा. सोय म्हणजे लोखंडी फळ्या, गादी नाही, भेट नाही, दिवा कधी विझत नाही. इथून कुणी बाहेर पडणार नाही, असं तिथले सुरक्षामंत्री अभिमानानं सांगत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं दोनशेहून जास्त व्हेनेझुएलन माणसं, त्यांतल्या अनेकांबाबत १७९८ च्या एका युद्धकालीन कायद्याचा आधार घेऊन, तिथं ठेवायला दिली. लाखो डॉलर भाडं ठरलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेनं पोरं फुकट पाठवली होती, आता पैसे देऊन पाठवली. धंद्यात प्रगती आहे. चार महिन्यांनी तीन सरकारांचा सौदा जमला आणि २५२ जण बाहेर पडले. म्हणजे बाहेर पडता येतं. फक्त त्यासाठी तुमच्या निरपराधपणाला बाजारभाव लागतो.

आता नक्कल सुरू झाली आहे. शेजारच्या होन्डुरासमध्ये डाव्या विचारांच्या सरकारनंही डिसेंबर २०२२ मध्ये अशीच पाटी लावली. ‘हे उजव्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते तर या पंथाचे ज्येष्ठ. अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत सरकारी हिशेबानंच सहा हजारांवर माणसं मेली. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं. तिथं त्यांना वकील मिळाला, आरोप वाचून दाखवला गेला, तारीख मिळाली. सगळी मिठाई. मे महिन्यात त्यांच्या दावाओ शहरानं त्यांना कोठडीत असतानाच महापौर निवडून दिलं.

मला मात्र या सगळ्यांत पेरूची एक गोष्ट आवडते, आणि ती ड्रोननं टिपता येणार नाही अशी आहे. १९९२ चा एप्रिल. राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेच्या दहशतीचं कारण सांगून रणगाडे काढले, संसद बंद केली, न्यायालयं बाजूला सारली. लोक खूश. सप्टेंबरमध्ये संघटनेचा सर्वोच्च नेता अबिमाएल गुस्मान पकडला गेला. काका, पाहा, जमलं की नाही?

जमलं. पण कुणाला? पोलिसांचं एक छोटंसं गुप्तचर पथक होतं, फुजिमोरींच्या आधीच्या राजवटीत, १९९० मध्ये सुरू झालेलं. पैसे कमी, माणसं थोडी. ती माणसं लिमातल्या संशयित घरांवर नजर ठेवायची आणि त्यांचा कचरा गोळा करायची. एका घराच्या तळमजल्यावर नृत्याचा वर्ग होता. राहणारी एक नर्तकी, पण कचरा निघायचा कुटुंबाचा. त्यात गुस्मान ओढायचा त्या जातीच्या सिगरेटची थोटकं सापडली, आणि सोरायसिसच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूब. गुस्मानला सोरायसिस होता. १२ सप्टेंबरला पोलीस आत गेले आणि रक्त न सांडता त्याला घेऊन आले. फुजिमोरी तेव्हा मासे धरायला गेले होते. त्यांना नंतर कळलं. मग त्यांनी गुस्मानला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवले, पिंजऱ्यात उभं केलं आणि पत्रकारांना बोलावलं. फोटो जगभर गेला. थोटकं वेचणाऱ्यांचा फोटो कुणाला आठवतो? फुजिमोरींना पुढे, २००९ मध्ये, हत्याकांडांबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. खुल्या कोर्टात, वकिलासकट.

कचरा चिवडायला वेळ लागतो, अक्कल लागते, नाकही बंद ठेवावं लागतं. माणूस उचलून कबुलीवर सही घेता येत असेल तर कुठला शहाणा पोलीस कचऱ्यात हात घालेल? इथं मला बोरिवलीला परत यावं लागतं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी आमच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक बोरिवलीला. आमच्या इमारतीतले एक जण नेहमीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून घरी निघाले होते, ते आले नाहीत. १८० हून जास्त माणसं गेली. मोक्का लागला. या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा धरता येतो. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळून घेतले, असं म्हटलं. त्यांतला एक चार वर्षांपूर्वी तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरण्याला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना परत आत धाडलेलं नाही. अपिलाचं काय व्हायचं ते होईल. पण उच्च न्यायालयाचं बरोबर असेल, तर एकोणीस वर्षं निरपराध माणसं आत होती, आणि ज्यानं तो बॉम्ब डब्यात ठेवला तो ही एकोणीस वर्षं कुठल्या तरी लोकलनं जा-ये करत होता. मी त्याला चौथ्या सीटवर जागाही दिली असेल.

मोक्कानं भागलं नाही म्हणून की काय, आपल्याही विधिमंडळानं त्याच जुलैत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आधीच्या मसुद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द होता. १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या, तो गेला, आणि ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असं आलं. हरकत घेतली की शब्द हलतो, हे तरी दिसलं. शाळेत मात्र तत्सम शब्द म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असं शिकवलं होतं. परीक्षेत तत्सम की तद्भव यावर एक गुण असायचा आणि तो हमखास जायचा. इथं जाईल ते एका गुणापेक्षा जास्त असेल, एवढाच फरक.

हे सगळं ग्रुपवर लिहायचं धाडस मी केलं नाही. ग्रुपचे ॲडमिन काकाच आहेत.

परवा तेच घरी आले. हातात कागदांची फाईल, चेहरा लाल. त्यांच्या स्कूटरवर नाशिकमध्ये सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं होतं. काका दोन वर्षांत नाशिकला गेलेले नाहीत, स्कूटर तर दहिसरच्या पुढे गेलेली नाही. चलानावरच्या फोटोत मोटारसायकल होती, आणि तिच्यावर तिघं. तक्रार केली तर ‘नामंजूर’ असा एका शब्दाचा निरोप आला. कारण नाही.

‘अरे, पण मला विचारलं का एकदा तरी?’ काका म्हणाले. ‘माझं म्हणणं ऐकून न घेता दंड? पुरावा काय तर हा फोटो! आणि हा नामंजूर करणारा कोण, त्याचं नाव नको? त्याच्या वर कुणी नाही? ही काय मोगलाई आहे?’

बायकोनं चहा ठेवला. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. तक्रार कुणी तपासली, कोणत्या आधारावर फेटाळली, अपील कुणाकडे. काका शेजारी बसून एकेक शब्द कडक करून घेत होते. ‘नैसर्गिक न्याय’ त्यांनी स्वतः सुचवला, आणि त्याखाली रेघ मारायला लावली. तीन प्रती काढायचं ठरलं.

‘उत्तर किती दिवसांत द्यावं लागतं त्यांना?’

‘तीस.’

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘तीस म्हणजे तीसच ना? नंतर वाढवत नाहीत ना?’